मागे बसलेली मुलं

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला गावाबाहेर पडायचं, तर कुणाच्या तरी गाडीत बसावं लागतं. दहावीपर्यंतची शाळा कदाचित पायी गाठता येते. अकरावी-बारावी, आयटीआय, शिकवणी, दवाखाना, आठवडी बाजार, मामेबहिणीची हळद, म्हशाची जत्रा, गोविंदा पथक, क्रिकेटचे सामने, या सगळ्याकडची वाट रस्त्यानेच जाते आणि त्या रस्त्यावर गाडी दुसऱ्याची असते. ती कोण चालवतंय, त्याच्याकडे लायसन आहे का, त्याने घेतली आहे का, टायर गुळगुळीत झालेत का, आत किती जण कोंबलेत, यातलं काहीही त्या मुलाच्या हातात नसतं. जागा मिळाली की बसायचं, एवढंच त्याला ठाऊक.

रस्ते सुरक्षेबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते बहुतेक सगळं चालवणाऱ्याला उद्देशून असतं. वेग आवरा, दारू पिऊन चालवू नका, मोबाइलवर बोलू नका. जानेवारीत शाळेत आरटीओचे साहेब येतात तेही ‘अठरा वर्षांपर्यंत गाडी हातात घेऊ नका’ असं सांगून जातात. सांगतात ते योग्यच आहे. पण समोर बसलेल्या दोनशे मुलांपैकी गाडी हातात घेणारी मुलं थोडी. दुसऱ्याच्या गाडीत बसून घरी जाणार असतात मात्र बहुतेक सगळी, आणि बसणाऱ्याने काय पाहावं, काय बोलावं, कुठे उतरावं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सापगाव हे शहापूरजवळचं, भातसा नदीकाठचं गाव. नदीवरच्या पुलावरून रस्ता पलीकडे शेणवे, किन्हवली, डोळखांबच्या पट्ट्यात आणि मुरबाडच्या दिशेने जातो. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण याच नदीवर, याच तालुक्यात आहे. धो-धो पावसात धरणाचे दरवाजे उघडले, नदी फुगली की या पुलावरची वाहतूक थांबवायची वेळ येते आणि पलीकडच्या गावांचा शहापूरशी असलेला सरळ संबंध तुटतो. एरवी हा पूल पलीकडच्या सगळ्या पट्ट्याचा उंबरठा आहे. सकाळी कॉलेजच्या वेळेला नाक्यावर उभं राहिलं तर या भागातली मुलं कशाकशातून जातात ते पाहायला मिळतं. एसटी येते तेव्हा दारापर्यंत भरलेली. मग जीप, मॅजिक, इको, रिक्षात चालकाच्या मांडीला मांडी लावून मिळणारी चौथी सीट, ओळखीच्या दादाची मोटरसायकल, त्यावर तिघं. भाजी किंवा वाळू टाकून रिकामा परतणारा पिकअप दिसला तर मुलं हात करतात आणि तोही थांबतो. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. गाडीवाल्याला वाटतं पोरांची सोय होते, पोरांना वाटतं पंधरा रुपये वाचले.

पूल ओलांडला की अरुंद रस्ता, वळणं, खड्डे, मधेच गुरं. पण या मुलांचा वावर आता तेवढ्यापुरता राहिलेला नाही. शहापूरला मुंबई-नाशिक महामार्ग आहे, आसनगाव-आटगाव-खर्डी करत तो कसाऱ्याच्या घाटाला भिडतो. मुरबाडमधून कल्याण-नगर रस्ता माळशेज घाटात चढतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ताशी १२० किलोमीटरची परवानगी असलेला रस्ता शहापूर तालुक्यातून धावू लागला. रस्त्याला जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, काही दारांत चारचाकी उभ्या राहिल्या. खड्ड्यांमुळे ज्यांची गाडी कधी चाळीसच्या वर गेली नव्हती त्या पोरांना ‘चल, समृद्धीवर चक्कर मारून येऊ’ असं आमंत्रण मिळायला लागलं. गाडीत बसायची सवय जुन्या रस्त्यावरची आणि वेग नव्या रस्त्याचा, हे जुळत नाही.

०

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. यांतल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. या आकड्याची फोड वाचून मी थबकलो: चालवणारे ८,३८४ आणि नुसते बसलेले ८,३३१. म्हणजे निम्मे. हेल्मेट नसल्याच्या रकान्यात ५०,०२९ मृत्यू आहेत आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. एवढी माणसं गाडी न चालवता गेली. मग सगळा उपदेश एकट्या चालकालाच का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते एकोणतीस या वयातल्या माणसांच्या मृत्यूचं जगातलं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचा अपघात हे आहे. मलेरिया नाही, क्षय नाही. आपण मुलाला साप चावू नये म्हणून रात्री बॅटरी देतो, भातसाच्या डोहात उतरू नको म्हणून दहा वेळा बजावतो. गाडीत बसताना मात्र ‘नीट बस’ यापलीकडे आपल्याजवळ शब्द नाहीत, आणि नीट बसणं म्हणजे काय हे आपल्यालाही माहीत नाही.

गावातल्या कुठल्याही जुन्या इकोचं नाहीतर मारुतीचं मागचं दार उघडून पाहा. सीटवर रेक्झिनचं कव्हर घट्ट शिवून बसवलेलं असतं. बेल्ट जिथे अडकवायचा ते बक्कल त्या कव्हरच्या खाली गाडलेलं असतं. सीटच्या फटीत हात घालून चाचपडलं तर शेंगांची टरफलं, एखादं नाणं आणि खोल कुठेतरी ते बक्कल बोटाला लागतं. बाजूच्या खांबाला गुंडाळलेला पट्टा ओढला तर बाहेरच्या हातभर भागावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली आणि आतला पट्टा मात्र कारखान्यातून आला तसा काळाभोर. तो कधी ओढलाच गेलेला नाही. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘मागं कोण लावतं?’

मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावावा हा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत कधीपासूनचा आहे. तो ४ सप्टेंबर २०२२ पर्यंत कुणाच्या गावी नव्हता. त्या दिवशी दुपारी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. त्याआधी आठ वर्षं, ३ जून २०१४ ला, दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले तेही मागच्या सीटवर बसलेले असताना. मिस्त्रींच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सर्वांना बेल्ट सक्तीचा केला. ती सक्ती शहापूरपर्यंत पोचल्याचं मला तरी दिसत नाही.

यामागचं शास्त्र आठवी-नववीच्या पुस्तकातलंच आहे, गती आणि जडत्व. गाडी ताशी साठने जात असते तेव्हा आतला मुलगाही साठनेच जात असतो. गाडी झाडावर आदळून थांबते, मुलगा थांबत नाही. साठच्या वेगाने समोरच्या सीटवर आपटणं म्हणजे चौदा मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडण्याइतकं. ‘हाताने धरून बसतो’ म्हणणाऱ्याने आपले हात एवढा भार पेलतील का याचा विचार करावा. आणि मागचा माणूस एकटा मरत नाही. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मागच्यांनी बेल्ट लावलेला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूची शक्यता जवळपास पाचपट होते, असं त्यात दिसलं. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. आई-वडील पुढे बेल्ट लावून आणि दोन धडधाकट पोरं मागे मोकळी, हे चित्र आपल्याला सुरक्षित वाटतं. ते तसं नाही.

०

गावाकडे मात्र बऱ्याच वेळा प्रश्न बेल्टपर्यंत पोचतच नाही, कारण मुलं बसतात तिथे सीटच नसते.

पिकअपच्या हौद्यात माणसं कशी बसतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. बायका, म्हातारी माणसं मधे, सतरंजीवर. लहान पोरं त्यांच्या मांडीवर. चौदा ते वीस वयाची मुलं मात्र मधे बसत नाहीत. ती कडेला, पत्र्याच्या धारेवर बसतात, पाठ रस्त्याकडे आणि तोंड आत. सर्वांत धीट दोघं-तिघं मागच्या फाळक्यावर. हा फाळका दोन बाजूंच्या साखळ्यांवर आणि खिळीवर तोललेला असतो. खीळ हरवली म्हणून तिथे तार पिळलेली असते. वळणावर सगळा हौदा एका बाजूला कलतो, हसण्याचा एक मोठा आवाज उठतो, मुलं एकमेकांचे खांदे धरतात. पिकअप भाजीचे क्रेट वाहायला बनवलेला आहे. क्रेट तळाशी बसतात. माणसं उभी राहतात, वजन वर जातं, आणि घाटात उतरताना तीच गाडी उलटायला तयार असते.

हे अपघात महाराष्ट्रात सारखे होत आहेत. १२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर निफाडकडून देवाचा कार्यक्रम आटोपून परतणाऱ्यांचा टेम्पो लोखंडी सळ्या घेऊन चाललेल्या ट्रकवर मागून आदळला. सळ्या बाहेर आलेल्या होत्या. टेम्पोत एकाच वस्तीतली मुलं होती, कोवळ्या वयातली, आणि त्यांतली काही तिथेच गेली. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटात मागे येऊन दरीत गेला, किमान दहा जणी गेल्या. धनत्रयोदशीला नंदुरबारच्या चांदसैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या आदिवासी भाविकांचा पिकअप उलटला. तिन्ही ठिकाणी निमित्त देवाचं, गाडी मालवाहू, आणि माणसं एकाच गावातली, एकाच आळीतली. त्यामुळे एका अपघाताने एका आळीतली चार-पाच घरं बसतात.

यात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्या आई-वडिलांना माहीत असते. डिसेंबर २००२ मध्ये ‘न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याचं बंधन विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे हळदीला निघालेला मुलगा पिकअपमधून पडून गेला तर कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे, आणि गाडीमालक असतो सख्खा चुलता नाहीतर शेजारी, ज्याच्या नावावर कर्ज काढून घेतलेल्या त्या पिकअपशिवाय दुसरं काही नसतं. कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता भावकी फुटते. काही खटल्यांत न्यायालयांनी कंपनीला आधी रक्कम भरून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितलंही आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

खासगी मोटारीचंही असंच. गावात बरेच जण स्वस्तातला ‘थर्ड पार्टी’ विमा काढतात. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला धडक बसली तर तो चालतो. त्याच गाडीत शेजारी बसलेला मित्र कायद्याच्या लेखी तिऱ्हाईत धरला जात नाही. मोटरसायकलच्या मागे बसलेल्याचंही तेच. गाडीतल्यांना संरक्षण हवं असेल तर ‘पॅकेज’ पॉलिसी लागते. पांढऱ्या पाटीची गाडी भाडं मारत असेल तर कंपनीला भांडायला आणखी एक कारण मिळतं. मुलाला रोज ज्या गाडीने पाठवतो तिचा विमा कोणता, हा प्रश्न गाडीवाल्याला विचारण्यात कमीपणा नाही.

०

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला जास्त टोचते.

जीपमध्ये मुलींना बहुधा मधल्या सीटवर किंवा पुढे चालकाशेजारी बसवतात. पुढे दोघींची जागा, तिथे तिघी-चौघी. गिअरच्या दांड्याला गुडघा लागतो म्हणून जिचा नंबर आतल्या बाजूला लागतो ती अंग चोरून, तिरकी होऊन बसते. चालकाला गिअर टाकायला कोपर वळत नाही. ‘जरा सरकून घ्या, पोरगी बसंल अजून एक’ हे वाक्य दर थांब्यावर ऐकू येतं. टपावर, मागच्या पायरीवर मुलगे. पायरीवर, टपावर, बॉनेटवर माणूस नेऊ नये हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे दोनशे रुपये दंड आहे, आणि त्या प्रवाशांना उतरवून त्यांच्यासाठी दुसरी गाडी मिळाल्याशिवाय ही गाडी हलवू नये, असंही तो कायदा म्हणतो. दुसरी गाडी येणार कुठून, हे सांगणं कायद्याच्या हातात नसावं.

या सगळ्याची मुलीला भीती वाटत नाही असं नाही. तिला वाटते. पण ती घरी सांगत नाही. कारण तिला पक्कं माहीत असतं की तिने तोंड उघडलं तर गाडी बदलणार नाही, तिचं कॉलेज सुटेल. ‘एवढा त्रास होतो तर नको जाऊ’ हे उत्तर देणारा बाप क्रूर नसतो, त्यालाही दुसरा मार्ग दिसत नसतो. म्हणून ती गप्प राहते, चालक फोनवर बोलत गाडी चालवतो तेव्हाही, आणि बारावीपर्यंतची दोन वर्षं अशीच अंग चोरून काढते. तिच्या गप्प राहण्याला आपण समजूतदारपणा म्हणतो.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ही योजना चालते. मुलांनाही पासात दोन-तृतीयांश सवलत आहे. शहापूरला आगार आहे, मुरबाडला आहे. पण पास मोफत असून भागत नाही, गाडी कॉलेज सुटायच्या वेळेला यावी लागते. साडेबाराला तास संपले आणि गाडी अडीचला असेल तर मुलगी दोन तास स्टँडवर बसणार नाही, आणि तिच्या आईला ती तशी बसलेली चालणारही नाही. ती जीपने जाते. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, त्या काळात तर जीपवाल्यांनीच या पट्ट्यातलं शिक्षण चालू ठेवलं. म्हणून जीपवाल्याला खलनायक ठरवणं मला पटत नाही. सात-आठ सीटं भरून हप्ता सुटत नाही हे तो सांगतो, आणि त्यात तथ्य आहे.

०

तिसरी गाडी मित्राची. आणि ती रात्रीची.

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री वर्ध्याजवळ सेलसुऱ्याच्या पुलावरून एक मोटार कठडा तोडून खाली कोसळली. आत सात जण होते, सगळे वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, वाढदिवस करून परतणारे. सातही गेले. समोरून धडक दिलेली दुसरी गाडी नव्हती. एक गाडी, एक पूल, रात्रीची वेळ आणि सात मित्र.

अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून २०००मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा वर्षांचा चालक एकटा असताना त्याच्या मृत्यूची जी शक्यता असते ती एक सोबती असला की सुमारे दीडपट होते, दोघं असले की अडीचपटीच्या वर जाते, तिघं किंवा जास्त असले की तिप्पट होते. सोबत्यांनी काही केलेलं नसतं. ते फक्त असतात. पाहणारे डोळे असले की त्या वयात पाय जास्त दाबला जातो. मोटारीच्या खेळावर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. एकटा असताना सांभाळून खेळणारा मुलगा मित्र पाहताहेत म्हटल्यावर पिवळ्या दिव्याला थांबत नाही, आणि हा फरक मोठ्या माणसांत दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये म्हणूनच नव्या लायसनच्या तरुण चालकाला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकाहून जास्त कोवळा सोबती घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, लायसन मिळालं की त्याच रात्री सात जणांना भरून कसारा घाटात जायला कायद्याची काही आडकाठी नाही.

आणि अठरा पूर्ण व्हायच्या आधीच? २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीने दोघांचा बळी घेतला, तेव्हा या कलमाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्या गाडीत तो एकटा नव्हता. चर्चा पैशाची झाली, निबंधाची झाली, रक्ताच्या नमुन्यांची झाली. सोबत बसलेल्यांना त्या रात्री काय बोलता आलं असतं, याची झाली नाही.

सोळा वर्षांच्या मुलाला गाडी चालवणाऱ्या मित्राला ‘हळू चालव’ म्हणता येत नाही, हे आपण मान्य करायला हवं. तो म्हणाला तर ‘फाटली का रे?’ हे त्याला महिनाभर ऐकावं लागतं. आणि चालवणारा मित्र नसून काका असेल, मामा असेल, तर आणखी अवघड. वऱ्हाडाच्या गाडीचा चालक जेवणानंतर मांडवामागे जाऊन आला आहे हे मुलाला वासावरून कळतं. पण ‘मामा, तुम्ही घेतलीय, मी नाही बसत’ हे वाक्य आपल्या घरांत पंधरा वर्षांचा मुलगा उच्चारू शकत नाही. मोठ्यांना बोलू नये हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. तेव्हा ते बोलायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. गाडीत आत्या असते, काकी असते, आजी असते. कोण किती प्यायलंय हे बायकांना नेमकं ठाऊक असतं. त्यांनी चावी मागावी. त्यांचं ऐकलं जातं, आणि ऐकलं नाही तर त्यांनी पोरांना घेऊन उतरावं.

मित्रांच्या गाडीत मात्र आत्या नसते. तिथे मुलाला तोंड न वाजवता सुटायची वाट हवी. आपल्याकडे एक जुना, सगळ्यांना पटणारा बहाणा आहे: ‘मला गाडी लागते.’ उलटी होतेय म्हटल्यावर कुठलाही चालक गाडी बाजूला घेतो, कारण सीट त्याची असते. खाली उतरायचं, पाच मिनिटं काढायची आणि ‘मी नाही बसत आता, फोन करतो घरी’ म्हणायचं. ही पळवाट घराघरांत आई-वडिलांनी स्वतःहून मुलांना शिकवावी असं मला मनापासून वाटतं.

पण फोन लागला की पलीकडून काय ऐकू येणार, यावर सगळं अवलंबून आहे. १९८१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांचे लागोपाठ बळी गेल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी एका शिक्षकाच्या मदतीने आई-वडिलांशी चक्क लेखी करार करायला सुरुवात केली. मुलाने लिहून द्यायचं की नशेतल्या चालकाच्या गाडीत बसणार नाही, फोन करीन. बापाने लिहून द्यायचं की कितीही वाजता, कुठूनही फोन आला तरी न्यायला येईन आणि त्या वेळी एक शब्द विचारणार नाही. आपल्याला कागदाची गरज नाही, पण दुसरा अर्धा भाग आपल्याकडे जास्त अवघड आहे. ‘तुला कुणी सांगितलं होतं जायला?’ हे आपलं पहिलं वाक्य असतं. ते एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा फोन करत नाही, पुढच्या वेळी तो गप्प गाडीत बसतो. शिवाय सापगावसारख्या गावात बापाकडे न्यायला यायला गाडी असेलच असं नाही. मग आधीच ठरवून ठेवावं: रिक्षावाला शेजारी, तरुण मास्तर, सोसायटीचा सचिव, कुणीही दोन माणसं, ज्यांचा नंबर गावातल्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये असेल आणि जी रात्री दोनलाही उठतील. भाड्याचे पैसे बाप सकाळी देईल.

०

अपघात झाल्यावरचं थोडक्यात सांगतो, कारण ते आता बरंच सोपं झालं आहे, फक्त लोकांना माहीत नाही. १०८ला फोन करणाऱ्याला किंवा जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पहिले सात दिवस रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाला बहुधा पुढे ठाण्या-मुंबईकडेच न्यावं लागतं, आणि ते अंतर पन्नास किलोमीटरच्या वर आहे. म्हणून इथे बेल्ट आणि हेल्मेट शहरापेक्षा जास्त मोलाचं. मागे बसणाऱ्याचंसुद्धा.

सहलींचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ ला चेंबूरच्या शिकवणी वर्गाची दहावीची मुलं लोणावळ्याहून परतताना बोरघाटात त्यांची बस उलटली, दोन मुलं गेली. पुढच्या एप्रिलात त्याच घाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ गोरेगावच्या वादक पथकाची बस दरीत गेली, पहाटेच्या वेळी, रात्री वाजवून थकलेली पोरं झोपेत असताना. तेरा जण गेले, त्यांत शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं होती. आपल्या माळशेजने २ जानेवारी २०१४ ला एसटीतले सत्तावीस जण नेले. सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना पालकांनी भाड्याची बस कुणाची, चालक किती आणि परतीचा घाट किती वाजता उतरणार, हे तीन प्रश्न विचारावेत. शालेय बससाठी राज्याचे २०११चे नियम आहेत. त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तीत पालक असावेत असं म्हटलं आहे. ती समिती कागदावरून उठवून तिच्यासमोर स्कूलबसच नव्हे, तर मुलं ज्या जीपने येतात ती जीपही आणता येईल. जीपवाल्यांना बोलावून बसवलं, आगार व्यवस्थापकाला बोलावलं आणि कॉलेज सुटायची वेळ व गाडीची वेळ एका कागदावर समोरासमोर लिहिली तरी अर्धं काम होईल.

तुळशीची लग्नं लागली की हळदी सुरू होतील. एसटी लग्नाला ‘प्रासंगिक करारा’वर गाडी देते. डीजे आणि मांडवावर जो खर्च होतो त्यातून एका बसचं भाडं सहज निघावं. ते काढलं तर पिकअपमध्ये फक्त भांडी आणि खुर्च्या जातील.

एक गट मात्र असा आहे ज्याला यातला कुठलाच पर्याय नाही. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मालकाचा टेम्पो किंवा ट्रक रात्री वाडीत येतो. आधी ताडपत्र्या, सरपण, कोंबड्यांची डालगी, भांडी, मग बायका-मुलं, आणि या सगळ्याच्या वर, गाठोड्यांवर, तेरा-चौदा वर्षांची पोरं, कारण वजन आवळून धरायला वर कुणीतरी लागतं. महामार्गावरून, अंधारात, तीस-चाळीस किलोमीटर. या मुलांना शाळेतलं रस्ते सुरक्षेचं भाषण ऐकायला मिळत नाही, ती शाळेत नसतातच. त्यांच्या आई-बापांनी गणपतीतच बयाणा घेतलेला असतो, त्यामुळे गाडी कशी आहे हे विचारायची सोय नसते. विचारायचं ते भट्टीमालकाला. सामानाला टेम्पो आणि माणसांना बस, दिवसाउजेडी, आणि तिचं भाडं बयाण्याच्या हिशोबात न धरता मालकाच्या खिशातून, ही अट बयाणा देतानाच मालकाकडून कबूल करून घेतली पाहिजे. ग्रामपंचायत, कामगार खातं आणि वाडीवर काम करणाऱ्या संघटना यांनी ती यंदापासून घालावी.